शंभर यार्डांच्या आतलं लग्न

मिशन कंपाउंड, नळदुर्ग
(तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद)
फेब्रुवारी १९६२

तीर्थस्वरूप अंबादासदादांना, बर्नबासचा प्रभूच्या नावात सलाम.

इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. तुमच्यासाठी देवाजवळ रोज मागणं असतंच. तुमची बहीण मथुरा तर दोनदा मागते, एकदा तुमच्या संधिवातासाठी आणि एकदा तुमच्या स्वभावासाठी. संधिवाताला उतार पडल्याचं वहिनींच्या पत्रावरून कळलं. आनंद वाटला. निदान एक प्रार्थना तरी लागू पडली.

तुमचं पत्र वेळेवर पोचलं होतं. शामलाच्या लग्नाला मी येणार नाही, आणि आलोच तर भर मंडळीत उभा राहून हरकत घेईन, असं तुम्ही त्यात लिहिलं होतं. कारणही लिहिलं होतं : मुलाचे आजोबा दोर वळायचे, आपले आजोबा वेशीवर राखण करायचे, आणि दोर वळणाऱ्यांच्या घरात आपण कधी मुलगी दिली नाही. दादा, दोघांचेही आजोबा गावाबाहेरच राहायचे, एवढं मी नम्रपणे नमूद करतो. शिवाय त्या दोघांना बार्शीत एकाच पाळकानं, एकाच घागरीतल्या पाण्यानं बाप्तिस्मा दिला, हे तुम्हीच मला माझ्या लग्नात सांगितलं होतं. त्या घागरीला आतून दोन कप्पे होते असं तेव्हा काही तुम्ही बोलला नाहीत. पण मी वाद घालायला बसलेलो नाही. तुमच्या भाचीनं या लग्नात ना शालू मागितला, ना बँड मागितला. मामा आला पाहिजे, एवढंच तिनं मागितलं. तुम्ही आला नाहीत. तेव्हा लग्न कसं झालं ते तरी तुमच्या कानावर जावं म्हणून हे पत्र. (वाचायला बसण्याआधी चष्मा पुसून घ्या, पत्र मोठं आहे.)

सुरुवात माझ्या तोंडानं झाली. आमच्या कंपाउंडासमोर शिवलिंगप्पांचं तेलाचं दुकान आहे. माणूस सज्जन, पण दर वर्षी लग्नसराईत त्यांच्या ओट्यावर पंचांग उघडलं जातं आणि अमक्याची तिथी जुळत नाही, तमक्याचा गुरू अस्ताला गेला, अशी रड सुरू होते. मी शाळामास्तर. मला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, शिवलिंगप्पा, आमच्यात हे काही नाही. सगळे दिवस देवाचे. कॅलेंडरवर डोळे मिटून बोट ठेवायचं, तोच मुहूर्त. आणि खरोखरच, जावईबापूंची फौजेतली रजा कधीपासून कधीपर्यंत आहे ते बघून मी कॅलेंडरवर बोट ठेवलं. (डोळे उघडे होते, पण ते शिवलिंगप्पांना सांगितलं नाही.) जावईबापूंचं नाव बलभीम. हे नाव आजीनं ठेवलेलं आहे. अंगानं ते सडपातळ आहेत. पलटणीत ते जखमींची शुश्रूषा करतात. त्यांची रजा संपली की थेट सरहद्दीवर, पुन्हा कधी येतील ते त्यांच्या कर्नलसाहेबालाही ठाऊक नाही.

तीन रविवार मंडळीत लग्नाचे पुकार झाले. हरकत कुणाचीच आली नाही. (तुमची पोस्टानं आली होती. ती मी प्रामाणिकपणे सोलापूरच्या पाळकसाहेबांना दाखवली. ते म्हणाले, हरकत समक्ष आणि तोंडी असावी लागते, पाकिटातली चालत नाही.) पत्रिका छापून झाल्या. आणि मग एके दिवशी शाळेच्या दारावर तलाठ्यानं सरकारी कागद चिकटवला. सार्वत्रिक निवडणूक. मतदानाचं ठिकाण, मिशन शाळा, नळदुर्ग. तारीख, मी बोट ठेवलेली.

आता तुम्हाला माहीत आहे, आमची शाळा आणि आमचं प्रार्थनामंदिर ही एकच खोली. सोमवार ते शनिवार तिच्यात पाढे असतात आणि रविवारी गीतं. आणि आमचं घर त्याच अंगणात. मी धावत तुळजापूरला तहसीलात गेलो. तिथं निवडणुकीचं काम विष्णुपंत नावाच्या कारकुनाकडे होतं. तुळजापूरच्या जुन्या पुजारी घराण्यातला गृहस्थ, अतिशय स्वच्छ, अतिशय सभ्य, आणि नियमाच्या बाहेर श्वाससुद्धा न घेणारा. मी त्यांना विनंती केली की आमच्या केंद्रापुरतं मतदान एक दिवस पुढं ढकलावं. त्यांनी माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. म्हणाले, "मास्तर, तुमच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही असं तुम्हीच लिहिलंय. आमच्या मतदानाला लागतो." मग लग्नच पुढं ढकलावं म्हटलं तर रजा संपते. आणि रजा कशीबशी वाढलीच तर पुढं लगेच आपला चाळीस दिवसांचा उपासकाळ लागतो, त्यात पाळकसाहेब लग्न लावीत नाहीत. हे मी परत येऊन शिवलिंगप्पांना सांगितलं. त्यांनी तेलाचं माप खाली ठेवलं, माझ्याकडे फार मायेनं बघितलं आणि म्हणाले, "म्हंजी मास्तर, तुमच्यातबी चातुर्मास हाय म्हणा की." दादा, एवढं अपमानास्पद आणि एवढं खरं वाक्य मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

शेवटी असं ठरलं की मतदान आटोपल्यावर अंगणातल्या कडुनिंबाखाली लग्न लावायचं. अडचण एकच. आपल्या लोकांच्या लग्नाचा जो कायदा आहे त्याप्रमाणे संध्याकाळी सातच्या आत लग्न लागलं पाहिजे, नाहीतर ते लागलंच नाही. म्हणजे मतदान संपणं आणि सात वाजणं यांच्या फटीत माझ्या मुलीचा संसार बसवायचा होता. मी मथुराला म्हटलं, भरपूर वेळ आहे. ती काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा काय समजायचं हे तुम्हाला भाऊ म्हणून माहीत असेलच.

मतदानाच्या सकाळी केंद्राध्यक्ष म्हणून कोण यावं? विष्णुपंतच. त्यांनी आल्या आल्या अंगणाभोवती शंभर यार्डांवर चुन्याची रेघ मारून घेतली आणि जाहीर केलं की या रेघेच्या आत कुठल्याही उमेदवाराची निशाणी दिसता कामा नये. मी म्हटलं, जरूर, आमचा राजकारणाशी संबंध नाही. तेवढ्यात फाट्याकडून वरात आली. गावातल्या हरिबानं आपली बैलगाडी दिली होती आणि त्या भल्या माणसानं बैलांची शिंगं रंगवून, झुली घालून, गळ्यात झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. विष्णुपंत बाहेर आले, दाराशी लावलेल्या निशाण्यांच्या तक्त्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि हात वर केला. जुवाला जुंपलेली बैलजोडी ही एका मोठ्या पक्षाची निशाणी. सजवलेली बैलजोडी म्हणजे तर उघड प्रचार. हरिबा त्यांना समजावू लागला की ही बैलं आहेत, निशाणी नव्हं, आन् त्यास्नी मत बी न्हाय. उपयोग झाला नाही. विष्णुपंत म्हणाले, जोडीला हरकत आहे, एका बैलाला नाही. मग एक बैल सोडून रेघेबाहेर बाभळीला बांधला आणि नवरदेव दुसऱ्या बैलाच्या मागून पायी अंगणात आले, फौजी गणवेशात, अगदी कवायतीच्या पावलांनी. बाहेरचा बैल जोडीदारासाठी दिवसभर हंबरत होता. लग्नाच्या दिवशी नवराबायकोला इतका चांगला उपदेश दुसऱ्या कुणीच केला नाही.

त्यानंतर विष्णुपंतांनी मांडवाची तपासणी केली. मथुरानं संध्याकाळसाठी पणत्या काढून ठेवल्या होत्या. दिवा ही निशाणी, आत ठेवा. (गॅसबत्ती कुणाचीच निशाणी नव्हती, म्हणून वाचली.) मुलांनी मांडवाच्या तोंडाशी कडब्याची कमान उभी केली होती, ती लांबून झोपडीसारखी दिसते म्हणून उतरवली. कडुनिंबापाशी येऊन ते बराच वेळ थांबले, कारण झाड ही एका अपक्षाची निशाणी होती. पण हे झाड निवडणूक जाहीर होण्याच्या आधीपासून उभं आहे, असं माझ्याकडून तोंडी वदवून घेऊन त्यांनी ते सोडलं. मग त्यांना वास आला. परसात आमटीची पातेली चढली होती आणि बुंदी पडत होती. मतदाराला जेवू घालणं म्हणजे लाच, तेव्हा शेवटचं मत पेटीत पडेपर्यंत कुणाच्या हातात पत्रावळ दिसली तर तुमचं नाव वर कळवावं लागेल, असं ते अतिशय दिलगीर होऊन म्हणाले. स्वतः त्यांनी दिवसभर आमच्याकडचं पाणीसुद्धा घेतलं नाही. पाण्याला ते नियमामुळे नको म्हणाले की आणखी कशामुळे, हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. या गावात मी वीस वर्षं सगळ्यांच्या लग्नांना जातो, अक्षता टाकतो, आणि जेवायची वेळ आली की काहीतरी काम आठवून घरी येतो. माझ्याकडच्या कार्याला लोक येतात तेव्हा त्यांनाही अशीच कामं आठवतात. बोलत कुणी नाही.

शामला सकाळीच पांढरं पातळ नेसून तयार झाली आणि थेट बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिचं पहिलंच मत. मी म्हटलं, बाई, शाईचा डाग पडेल पातळावर. म्हणाली, धुऊ. तिच्या पुढं वाण्याच्या सुना होत्या आणि मागं वडाराच्या. मला तेव्हा एकदम फार बरं वाटलं, ते तुम्हाला सांगतो. आपल्या आजोबांना गावात पाणी वरून ओतायचे. आणि इथं माझी मुलगी नवरीच्या वेषात मध्ये उभी, आणि पुढचीला तिचा धक्का लागला तर पुढची म्हणत होती, जरा सरक की बाई, किती दाटी करतीस. राष्ट्र राष्ट्र म्हणून मी शाळेत मुलांना जे शिकवतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं, आणि ते एका रांगेसारखं होतं. (ऊन फार होतं, त्यामुळे डोळ्यांना पाणी आलं असावं.)

दुपार टळली तरी पाळकसाहेबांचा पत्ता नाही. एस. टी.च्या गाड्या निवडणुकीच्या कामाला लागलेल्या. अखेर सोलापूरकडून हैदराबादला निघालेल्या कांद्याच्या ट्रकनं त्यांना फाट्यावर उतरवलं. ते पोत्यांवर बसून आले होते, डोळ्यांतून नुसत्या धारा. अंगणात शिरताच नवरीला बघून त्यांनी डोळे पुसले, आणि पाहुण्यांना वाटलं, किती हा मायाळू माणूस. दोन बायांनी लगेच पदर डोळ्यांना लावला. मतदान संपायची वेळ झाली तेव्हा विष्णुपंतांनी फाटक लावून घेतलं. पण नियम असा की फाटकाच्या आत जे रांगेत उभे असतील त्या सगळ्यांचं मत घ्यायचं. आणि आत निम्मं नळदुर्ग उभं होतं. शेतातली कामं उरकून सगळे शेवटालाच आले होते. ऊन उतरू लागलं. बलभीमनं घड्याळ बघितलं, शामलानं माझ्याकडे बघितलं. रांग काही सरकेना.

मी विष्णुपंतांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. म्हटलं, साहेब, सात वाजले तर माझी मुलगी बिनलग्नाची राहील आणि हा पोरगा उद्या सरहद्दीवर जाईल. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, लग्नाला बंदी असा नियम नाही. लावा. फक्त रेघेच्या आत प्रचार होता कामा नये, प्रवचनातसुद्धा. आणि ते निशाण्यांचा तक्ता हातात घेऊन खोलीच्या दारातच उभे राहिले, एक डोळा पेटीवर आणि एक कान पाळकसाहेबांवर.

तर दादा, लग्न सुरू झालं. एका बाजूला आपली वीस-पंचवीस माणसं, दुसऱ्या बाजूला निम्म्या गावाची रांग, आणि मध्ये कडुनिंब. कुणालाही काम आठवून घरी जायची सोय नव्हती, कारण रांग सोडली की मत गेलं. शिवलिंगप्पा तर नवरदेवापासून हातभर अंतरावर. पाळकसाहेबांनी खिशातून प्रवचनाचा कागद काढला आणि सुरू केलं की विवाह म्हणजे एका जुवाखाली चालणं. दारातून विष्णुपंत खाकरले. जू चालणार नाही. पाळकसाहेबांनी पुढची ओळ घेतली, घरातला दिवा. खाकरणं. ते दाण्याचं कणीस आणि विळा यांवर गेले, मग खडकावरच्या घरावर, मग मोहरीच्या झाडावर, मग धन्याच्या तराजूवर. विष्णुपंतांचा घसा बसायची वेळ आली. आपल्या प्रभूनं दिलेल्या दृष्टांतांपैकी एकही असा उरला नव्हता की जो कुठल्या ना कुठल्या उमेदवारानं आधीच निशाणी म्हणून उचललेला नाही. पाळकसाहेबांनी शेवटी मेंढरांकडे बघितलं (म्हणजे आमच्याकडे), कागदाची घडी घातली आणि ती खिशात टाकली. मला वाटलं, संपलं, आता सात वाजतात.

मग ते साध्या आवाजात म्हणाले, "बलभीम, ही दमली की पाणी तू भर. शामला, हा चुकला तर घरात सांग, चारचौघांत नको. आणि दोघांनी कुणाच्याही घरी जेवायला लाजू नका, आणि कुणालाही आपल्या घरी जेवायला बोलवायला लाजू नका. बस. एवढं करा, तेवढ्यात देवही आला आणि देशही आला."

त्यांचं इतकं आखूड प्रवचन मी कधी ऐकलं नव्हतं आणि इतकं लक्षातही कुठलं राहिलं नव्हतं. रांगेतून म्हातारी नागूबाई मोठ्यानं म्हणाली, "आता गं बया, ह्ये तर आमच्यातबी आसंच सांगत्यात. पर करतंय कोन?" लोक हसले. विष्णुपंतांनी तक्ता बघितला. त्यात कुठलीच निशाणी सापडेना, म्हणून तेही हसले.

पुढं रीतीप्रमाणे पाळकसाहेबांनी विचारलं की या विवाहाला कुणाची हरकत असेल तर आताच सांगावी. सगळीकडे शांत झालं. विष्णुपंत सवयीनं बोलून गेले की हरकत घेणाराला आधी अनामत भरावी लागेल. आता मतदाराच्या ओळखीबद्दल कुणी हरकत घेतली तर तसा नियम आहे खरा, पण त्यामुळे हरकत घ्यायचं कुणाच्या मनात असलंच तरी ते गेलं असेल. वचनं झाली, अंगठी झाली. अंगठी शामलाच्या एका बोटात आणि शाई दुसऱ्या बोटाला. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला तेव्हा शाळेच्या घड्याळाचा काटा सातला टेकायला आला होता, पण टेकला नव्हता. मी बघितलं.

शेवटचं मत पडलं, पेट्यांना लाखेच्या मोहरा झाल्या, आणि त्यांना घेऊन जाणारी सरकारी गाडी काही येईना. मतदानाची माणसं सकाळपासून उपाशी. विष्णुपंत माझ्याकडे आले आणि विचारू लागले की मास्तर, आता मतदार कुणी उरले नाहीत, तेव्हा लाच होण्याचा प्रश्न नाही, होय ना? मी म्हटलं, नाही. ते पेट्यांकडे तोंड करून पहिल्या पंगतीला बसले आणि मथुरानं त्यांना बुंदी वाढली. ते बसले म्हणून शिवलिंगप्पा बसले. शिवलिंगप्पा बसले म्हणून आणखी काही. सगळे बसले असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांना त्याच वेळी कामं आठवली. पण पत्रावळी कमी पडल्या, दादा. वीस वर्षांत माझ्या घरी पत्रावळी कमी पडल्या नव्हत्या.

असो. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. इकडची काळजी करू नये. तुमच्यावाचून कार्य अडलं नाही, हे कळावं म्हणूनच एवढं सविस्तर लिहिलं.

तुमचा आज्ञाधारक,
बर्नबास लोंढे

ता. क. : बलभीम दुसऱ्याच दिवशी पलटणीत रुजू व्हायला गेले. शामला येत्या रविवारी सासूबाईंबरोबर कुर्डुवाडीला सासरी जाते आहे. येरमाळ्यावरून येणारी दुपारची गाडी बार्शी स्टँडवर चहापुरती थांबते. तुम्हाला स्टँड जवळ आहे. संधिवाताला चालणं चांगलं असं डॉक्टर म्हणतात.

ता. क. दुसरा : वर लिहिलं की हरकत विचारल्यावर सगळे शांत होते. त्या वेळी मी काय करत होतो ते लिहायचं राहिलं. मी फाट्याकडे बघत होतो. सकाळपासून मला भीती होती की तुम्ही याल आणि उभे राहाल. आणि त्या घटकेला वाटलं, या दादा, हरकत घ्यायला तरी या. तुमची अनामत मी भरली असती. मुलगीही तिकडेच बघत होती. तुमच्यावाचून अडलं नाही हे वरचं वाक्य खोडायचं होतं, पण पत्रात खाडाखोड बरी दिसत नाही.

ता. क. तिसरा (हा मथुराच्या हातचा) : दादा, ह्यांच्या लिहिण्यावर जाऊ नको, ह्यांचं पाल्हाळ तुला ठाऊक आहे. मी कामाचं तेवढं सांगते. मामा आल्याशिवाय बार्शीच्या पुढं जायचं नाही असं पोरीनं ठरवलंय. गाडी सुटली तर सुटू दे म्हणते, स्टँडवर चूल मांडीन. मी हसले होते, पण तिनं सामानात तवा आणि आठवड्याचं पीठ बांधलंय, आणि तिच्या सासूबाईही तिच्या बाजूनं आहेत. हट्टी आहे. तुझ्यावर गेलीय. आल्यावर काही बोलू नको, नुसता तिच्या डोक्यावर हात ठेव.